परसातल्या कुस्तीच्या हौद्याची माती पुन्हा पुन्हा दगडासारखी बसते, तेव्हा काय तपासावे

घराच्या परसात मुलांच्या सरावासाठी कुस्तीचा हौदा करणाऱ्यांना पहिल्या काही महिन्यांतच एक तक्रार हमखास भेडसावते. माती उकरून, पाणी शिंपडून, फळी ओढून हौदा कितीही मऊ केला, तरी आठ-पंधरा दिवसांत ती पुन्हा घट्ट बसते. पाठीवर पडलेल्या मुलाचा श्वास कोंडतो, कोपरे आणि गुडघे सोलवटतात, आणि घरातली मोठी माणसे पुन्हा एकदा ताकाची घागर व तेलाचा डबा घेऊन हौद्याकडे वळतात. त्याने चार दिवस बरे वाटते, पण मूळ दुखणे जागच्या जागी राहते, कारण माती घट्ट बसण्यामागे एकच कारण नसते आणि प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा असतो.

आमचा हौदा सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात, घरामागच्या जागेत आहे. लांबी-रुंदी बारा-बारा फूट आणि मातीचा थर सव्वा फूट, म्हणजे एकूण १८० घनफूट माती. शंभर घनफुटांचा एक ब्रास धरला, तर भरून आणि दबून पावणेदोन ब्रासांच्या थोडी वर होते, त्यामुळे सव्वादोन ब्रास तरी मागवावी लागते. आमच्याकडची जमीन काळी आणि भारी असल्यामुळे तांबडी माती पन्हाळ्याच्या बाजूने, जांभ्याच्या पट्ट्यातून आणली. (माती हे गौण खनिज असल्याने ती आणण्यापूर्वी महसूल खात्याची परवानगी आहे ना, हे गाडीवाल्याकडून अवश्य विचारून घ्यावे.) एवढे सगळे रीतसर करूनही पहिल्या वर्षात हा हौदा तीन वेळा बसला. त्या तीन वेळांची कारणे शोधताना जी तपासणी हाती लागली, ती इथे साध्या गोष्टींकडून अवघड गोष्टींकडे अशा क्रमाने मांडतो.

सर्वांत आधी सळई घालून पाहावी. बोटाएवढ्या जाडीची, बोथट टोकाची लोखंडी सळई एका हाताने, अंगाचा भार न देता, मातीत उभी दाबावी. हौद्यात चार कोपऱ्यांना आणि मध्यभागी असे पाच वेळा करावे. सळई सहजपणे वीतभर खाली गेली, तर माती ठीक आहे. ती पाचही ठिकाणी तीन-चार इंचांवर, साधारण एकाच खोलीला अडली, तर माती वाईट नसून उकरणे उथळ आहे असे समजावे. रोज फावडे जिथपर्यंत पोहोचते तिथपर्यंतच माती मोकळी होते आणि तिच्या खालचा थर पायांच्या दाबाने दिवसेंदिवस आवळत जातो. नांगराच्या फाळाखाली शेतात कठीण थर तयार होतो, तसाच हा प्रकार आहे. मोठ्या तालमींत हौदा खणणे हा स्वतःच एक व्यायाम मानला जातो, पैलवान कुदळ घेऊन पूर्ण खोलीपर्यंत माती वर-खाली करतात, म्हणून तिथे ही अडचण फारशी जाणवत नाही. घरच्या हौद्यात दोन मुले आणि एक फावडे एवढाच संसार असतो. महिन्यातून एकदा कुदळीने तळापर्यंत माती पालटली, की या कारणाचा निकाल लागतो.

दुसरी गोष्ट वाफशाची, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी, उकरायला योग्य अशा ओलीची. शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, परंतु हौद्याच्या बाबतीत तोच शेतकरी घाई करतो, हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे. संध्याकाळी मुले येण्यापूर्वी पाणी मारायचे आणि लगेच उकरायचे, ही पद्धत माती बिघडवते. ओल्या मातीवर फावडे फिरले, की तिचे कण एकमेकांवर लिंपले जातात आणि वाळल्यावर त्यांची ढेकळे होतात. अगदी कोरडी माती उकरली, तर तिची धूळ होते आणि ती धूळ पुढच्या पाण्याबरोबर फटींमध्ये जाऊन बसते. पाणी आदल्या रात्री झारीने शिंपडावे, वर ओले गोणपाट अंथरावे आणि सकाळी मुठीत माती दाबून पाहावी. मुठीचा गोळा झाला पाहिजे, आणि तोच गोळा कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला पाहिजे. गोळा होतच नसेल तर पाणी कमी आहे, आणि पडूनही तो चपटा राहत असेल तर आणखी काही तास थांबावे.

या दोन्ही गोष्टी सुधारूनही माती बसत असेल, तर तिचा पोत पाहावा लागतो. सरळ कडांच्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा बारीक केलेली माती घ्यावी, वर पाणी भरावे, दोन-तीन मिनिटे जोराने हलवावे आणि बरणी न हलणाऱ्या जागी ठेवावी. रेती एका मिनिटाच्या आसपास तळाला बसते, पोयट्याचे (रेतीहून बारीक, पण चिकणमातीहून जाड मातीचे) कण पुढच्या काही तासांत तिच्यावर थर धरतात आणि चिकणमातीचे कण बसायला एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. तिन्ही थर पट्टीने मोजावेत. आमच्या अनुभवात चिकणमातीचा थर एकूण उंचीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा बराच जास्त निघाला, की हौदा बसण्याची तक्रार सुरू होते. परसातलीच काळी माती हौद्यात मिसळली असेल, तर हेच घडते, कारण काळ्या मातीतील चिकण भिजल्यावर फुगते आणि वाळल्यावर आकसून भेगाळते. तांबड्या मातीतील चिकण इतकी फुगत नाही, आणि तालमीने तांबडी माती पसंत केली त्यामागे रंगाइतकेच हेही कारण असावे असे मला वाटते. इथे एक चूक फार जण करतात: चिकणमाती हलकी करण्यासाठी चार घमेली बांधकामाची रेती टाकतात. थोडी रेती चिकणमातीत मिसळली, की कच्च्या विटेचे मिश्रण तयार होते, माती आणखी कठीण होते आणि कातडी सोलते ते वेगळेच. जड मातीत मिसळायचा असेल, तर बारीक चाळलेला हलका पोयटा घ्यावा आणि तो मुठीने नव्हे, तर मातीच्या निम्म्याने घ्यावा.

आता पाण्याकडे येतो, कारण आमच्या हौद्याच्या दुसऱ्या बिघाडाचे कारण पाण्यात होते आणि ते ओळखायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. जानेवारीपासून मेपर्यंत माती उत्तम होती. वळवाचे दोन पाऊस झाले, पत्र्याच्या पन्हळीतून उडालेले पाणी हौद्याच्या एका बाजूला पडत राहिले, आणि त्या बाजूची माती आधी खिरीसारखी पातळ झाली व नंतर वाळून तिच्यावर खापरासारखा थर धरला. दुसरी बाजू, जिथे फक्त बोअरचे पाणी पडत होते, ती मात्र मऊच होती. पावसाच्या स्वच्छ पाण्याने माती बिघडावी आणि मचूळ पाण्याने ती चांगली राहावी, हे कोडे सुटेना.

त्याचे उत्तर कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांच्या रोजच्या अनुभवातच आहे. अति पाण्याने आणि निचऱ्याच्या अभावी आमच्या भागातील कितीतरी उसाची शिवारे क्षारपड झाली आहेत, आणि त्यांतील ज्या जमिनींत सोडियम साठतो त्यांना आपण चोपण म्हणतो. मातीच्या कणांना कॅल्शियम एकत्र धरून ठेवतो, त्यामुळे त्यांचे लहान लहान रवे बनतात आणि माती मोकळी राहते. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली, की कण सुटे होतात. पाण्यात क्षार भरपूर असतील तोवर हे सुटे होणे दबून राहते. पावसाचे पाणी येऊन क्षार धुतले गेले, की कण एकदम विखुरतात, फटी बुजवतात आणि वाळताना एकसंध पापुद्रा तयार होतो. आम्ही पाच महिने बोअरचे पाणी घालून चांगल्या तांबड्या मातीत सोडियम भरत होतो, आणि पहिल्या पावसाने ते उघड केले.

ही तपासणी घरी करता येते. काचेचे दोन पेले घ्यावेत, एकात पावसाचे साठवलेले किंवा बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी आणि दुसऱ्यात हौद्याला घालता ते पाणी भरावे. हौद्यातील मातीचे वाटाण्याएवढे, पूर्ण वाळलेले ढेकूळ प्रत्येकात अलगद सोडावे आणि पेल्यांना हात लावू नये. दोन तासांनी पाहावे. ढेकूळ विरघळून तळाशी पसरले, पण पाणी नितळ राहिले, तर काळजीचे कारण नाही, ती माती फक्त मऊ आहे. शुद्ध पाण्याच्या पेल्यात ढेकळाभोवती दुधासारखा ढग दिसू लागला आणि बोअरच्या पाण्याच्या पेल्यात तो दिसला नाही, तर मातीत सोडियम आहे असा दाट संशय घ्यावा आणि मातीचा व पाण्याचा नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा. मातीचा सामू (पीएच) साडेआठच्या वर निघाला, तर शंकेला जागा उरत नाही.

चोपण जमिनीवर जिप्सम घालतात हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून हौद्यातही जिप्सम घालण्याचा सल्ला आम्हाला मिळाला. तो अर्धवट आहे. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतो हे खरे, परंतु हटलेला सोडियम भरपूर गोड्या पाण्याबरोबर खाली निघून जावा लागतो, आणि ज्या हौद्याच्या तळाला निचरा नाही तिथे तो जाणार कुठे? शेतात चर काढता येतात. बारा फुटांच्या हौद्यात वरची सहा इंच माती काढून नवी भरणे अधिक सोपे आणि स्वस्त पडते. आम्ही तेच केले, आणि त्यानंतर नळाचे पाणी किंवा पत्र्यावरून टाकीत साठवलेले पावसाचे पाणीच वापरतो.

तिसरा बिघाड मात्र पूर्णपणे माझ्या हाताने झाला, आणि तो सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण त्यातील दोन्ही गोष्टी अनेक घरांत सर्रास केल्या जातात. ताक जास्त झाल्यामुळे हौद्यात मुंग्या झाल्या होत्या, म्हणून मी दोन घमेली विरी गेलेला चुना मातीवर पसरला. त्याच महिन्यात मातीचा रंग फिका वाटू लागला. काव, म्हणजे गेरूसारखी तांबडी रंगमाती, महाग म्हणून वीटभट्टीवरून विटांची बारीक भुकटी आणून मिसळली. तीन आठवड्यांत हौदा असा धरला, की कुदळ मारल्यावर हाताला झिणझिण्या येत. गावातील एका वृद्ध वस्तादांना बोलावले. त्यांनी एक ढेकूळ उचलले, दगडावर आपटले, ते फुटेना, तेव्हा म्हणाले, “दादा, ही माती राहिली नाही, ह्याचा गिलावा झालाय.”

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. भाजलेल्या विटेची भुकटी म्हणजे सुरखी, आणि ती चुन्यात मिसळली की चुना-सुरखीचा गिलावा होतो. सिमेंट येण्यापूर्वी आपल्याकडचे वाडे आणि बंधारे ह्याच मिश्रणाने बांधले गेले, आणि ते मिश्रण ओलाव्यातही घट्ट होते हाच त्याचा गुण आहे. विटेची भुकटी नसली तरी नुसता चुनाही चिकणमातीशी हळूहळू संयोग पावून तिला कठीण करतो, आणि रस्त्याचा पाया पक्का करण्यासाठी तो मुद्दाम वापरतात. म्हणजे मी रोज पाणी शिंपडून माझ्या मुलांच्या पाठीखाली फरशी करत होतो. शिवाय ताजा चुना घामेजल्या कातडीला आणि डोळ्यांना भाजतो, हा धोका मुंग्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे. जुनी माती कुणाकडून मिळाली असेल आणि तिच्यात चुना आहे की नाही हे कळत नसेल, तर ढेकळावर लिंबू पिळावे. फसफस झाली तर चुन्याची शक्यता आहे; मात्र चुनखडी असलेल्या जमिनीची मातीही फसफसते, म्हणून त्याच खाणीतील न वापरलेली माती शेजारी ठेवून दोन्हींची तुलना करावी. चुन्याने धरलेली माती ताकाने, लिंबाने किंवा तेलाने मोकळी होत नाही. ती कुटून चाळली तरी खडे टोचतातच. आम्ही सगळा हौदा रिकामा केला आणि ती माती अंगणातल्या वाटेवर भर म्हणून टाकली, जिथे ती आजतागायत उत्तम टिकून आहे.

ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर आणि काव यांना तालमीच्या परंपरेत मानाचे स्थान आहे, आणि मी त्यांच्या विरोधात मुळीच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की ही द्रव्ये चांगल्या मातीला सांभाळतात, बिघडलेल्या मातीला दुरुस्त करत नाहीत. तेलामुळे धूळ उडत नाही आणि ओल टिकते, परंतु प्रमाण वाढले की मातीचे कण पाणीच स्वीकारत नाहीत. कोरड्या मातीवर पाण्याचा थेंब टाकावा. तो मोत्यासारखा मिनिटभर वर राहिला, तर तेल थांबवावे. ताक आंबट वासाचे होऊ लागले, माशा बसू लागल्या, तर महिनाभर ते बंद करून माती उन्हात पसरावी.

पावसाळ्यात हौदा खालून ओलावतो ही तक्रार वेगळी आहे आणि तिचा उपाय बांधणीतच करावा लागतो. जमिनीत खड्डा खणून माती भरण्यापेक्षा जोत्यासारखा, भोवतालच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच हौदा करावा. तळाशी चार इंच खडी आणि तिच्यावर जाड रेतीचा थर द्यावा, म्हणजे बारीक मातीतून पाणी दिव्याच्या वातीसारखे वर चढते तो मार्ग तुटतो आणि जास्तीचे पाणी बाहेर जायलाही वाट मिळते. पत्र्याची वळचण हौद्याच्या कडेपासून किमान तीन फूट पुढे असावी. कडेची विटांची किंवा दगडांची रांग उघडी ठेवू नये, तिच्यावर भुसा भरलेली पोती बांधावीत, कारण लहान हौद्यात डाव खेळता खेळता मुले कडेला येतातच. श्रावणात नागपंचमीला माती उकरायची नाही हा आपला रिवाज पाळणाऱ्यांनी आदल्या दिवशी हौदा पालटून ठेवावा, एक दिवस माती तशीच राहिल्याने काही बिघडत नाही.

मातीच्या मऊपणाइतकेच महत्त्व तिच्या स्वच्छतेला आहे, आणि इथे मी थोडा कठोर आहे. शेणखत घातलेल्या शेतातील किंवा गोठ्याजवळची माती हौद्यात कधीही आणू नये. धनुर्वाताचे जंतू सुप्त रूपात मातीत वर्षानुवर्षे टिकतात, आणि जनावरांच्या शेणाचा संबंध आलेल्या मातीत त्यांचा धोका अधिक असतो. हळदीने ते मरत नाहीत. हौद्यात उतरणाऱ्या प्रत्येक मुलाचे धनुर्वाताचे लसीकरण पूर्ण आहे का, हे त्याच्या पालकांना विचारावे, आणि मोठ्या माणसांनी दर दहा वर्षांनी पुढचा डोस घ्यावा. नायटा, गजकर्ण, खरूज किंवा चिघळलेली जखम असलेल्या मुलाला ती बरी होईपर्यंत हौद्यात घेऊ नये, मग तो आपला असो वा शेजाऱ्याचा. रात्री हौदा ताडपत्रीने झाकावा, कारण मऊ माती दिसली की मांजरे तिथे घाण करतात आणि त्या घाणीतील जंत उघड्या कातडीतून शिरू शकतात. माती भरताना चाळलेली असली तरी वर्षातून एकदा दोरीला बांधलेले जुन्या स्पीकरमधील चुंबक तिच्यातून ओढावे. आमच्या हौद्यात चाळणीतून निसटलेले दोन चुकेखिळे असेच सापडले.

आपल्या परिसराचा ह्या मातीशी असलेला संबंध जुना आहे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान आजही लढती पाहते, आणि कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले ते मॅटवर, तरी त्यांची जडणघडण आपल्याच मातीतली. मॅटवरचा सराव आज अपरिहार्य आहे हे मी मुलांना स्वतः सांगतो. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला पडायला शिकवायचे असेल, तर नीट राखलेल्या मातीएवढी दयाळू जागा मला ठाऊक नाही, आणि म्हणूनच ती नीट राखलेली असावी याविषयी माझा आग्रह आहे.

आमच्या हौद्याचा सध्याचा क्रम असा आहे. रोज सराव संपल्यावर फावड्याने वरची माती मोकळी करून फळी ओढली जाते. दर अमावस्येनंतरच्या रविवारी कुदळीने तळापर्यंत पालट होते, आणि त्या दिवशी पाचही जागी सळई घालून ती किती इंच गेली ते पत्र्याच्या खांबावर कोळशाने लिहिले जाते. सलग दोन महिने आकडा उतरला, तर मी पाणी, पोत आणि तेल या क्रमाने पुन्हा तपासणी करतो. दिवाळीनंतर वरची तीन इंच माती काढून तेवढी नवी, चाळलेली माती घालतो. ती पंचेचाळीस पाट्यांच्या आसपास भरते आणि दोन माणसांचे एका सकाळचे काम होते. काढलेली माती फुलझाडांच्या कुंड्यांत घालायची असेल, तर तिच्यात तेल फार नाही ना, हे थेंबाच्या परीक्षेने आधी पाहून घ्यावे.